तारेला टोचलेल्या पट्ट्या

पत्र:

ताई, मी पुण्यात पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव माढा तालुक्यात. या सेमिस्टरला सरांनी ब्लॉग सक्तीचा केलाय. १० पोस्ट, २० गुण, विषय कोणताही. ब्लॉग उघडून तीन आठवडे झाले. त्याचा रंग चार वेळा बदलला, पण 'नमस्कार, हा माझा ब्लॉग' याच्या पुढे एक ओळ सरकलेली नाही. मी इथे बातमीदार व्हायला आले. स्वतःबद्दल लिहीत बसणं मला पटत नाही, आणि माझ्याबद्दल लिहिण्यासारखं आहे तरी काय? वडील कांदा करतात, सोलापूरला पाठवतात, तिकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली की घरात दोन दिवस कुणी बोलत नाही, एवढंच आमचं आयुष्य. वर्गातल्या मुलींचे ब्लॉग इंग्रजीत आहेत, छान आहेत. माझं मराठीसुद्धा पुस्तकी नाही. कोण वाचणार? आणि कुणी वाचलंच आणि चूक निघाली, तर ती कायमची तिथे राहणार ना? पेपरात निदान वर संपादक असतो. सोबत एक पोस्ट पाठवतेय, ती टाकायचं धाडस होत नाही. नाव छापू नका.
एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर:

मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली. 'पट्टी आली की घरात दोन दिवस कुणी बोलत नाही.' हे तू ओझरतं लिहून गेलीस आणि लगेच 'एवढंच आमचं आयुष्य' म्हणून त्यावर पाणी सोडलंस. सोबत पाठवलेल्या पोस्टमध्ये याचा मागमूसही नाही. तिथे 'शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे, परंतु आज त्याची अवस्था अत्यंत दयनीय झाली आहे' अशी सुरुवात आहे आणि शेवटपर्यंत तोच सूर आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ते लिहायला माढा तालुक्यात जन्मावं लागत नाही, की कांद्याची पिशवी कधी हातानं शिवावी लागत नाही. आता तर फोनसुद्धा असला मजकूर मिनिटभरात लिहून देतो. दोन दिवस गप्प बसणारं घर मात्र त्या फोनला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. म्हणून ती पोस्ट टाकायचं धाडस झालं नाही हे मला बरंच वाटलं. तुझ्यातल्या बातमीदारणीला आतून कळत असणार, की यात माझं काहीच नाही.

स्वतःबद्दल लिहीत बसायला तू नाखूश आहेस, तेही मला पटलं. मी वर्तमानपत्रात तीस वर्षं काढली. 'मी' या शब्दाचा संकोच वाटणारी मुलं पुढे चांगली बातमीदार झालेली मी पाहिली आहेत. पण ब्लॉग म्हणजे स्वतःबद्दलच लिहायचं, हे तुला कुणी सांगितलं? हा शब्द कुठून आला ते बघ. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर या अमेरिकन माणसानं आपल्या संकेतस्थळाला 'वेबलॉग' म्हटलं. दोनेक वर्षांत लोकांनी तोडून त्याचं 'ब्लॉग' केलं. यातला 'लॉग' हा जहाजावरचा शब्द. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेला लाकडाचा तुकडा समुद्रात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या, त्यावर वेग ठरे. जहाजाचा वेग अजूनही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात तो त्यामुळे. त्या लाकडाच्या तुकड्याला लॉग म्हणत आणि त्यावरून काढलेला वेग ज्या वहीत उतरवायचा ती झाली लॉगबुक. तारीख, वेळ, वारा कुठून, तोंड कुठल्या दिशेला, वेग किती. त्या दिवशी खलाशी उदास होता का, हे त्या वहीत कुणी विचारत नसे.

मनातलं लिहिणारे नंतर पुष्कळ आले. त्यातले काही फार सुंदर लिहितात, त्यांना त्यांचं लिहू दे. तू नोंदवही लिही. एक जागा, एक विषय, आठवड्याला एक नोंद, आणि तिच्यात तू पाहिलेलं, मोजलेलं, विचारून घेतलेलं. याला पत्रकारिता म्हणायचं का, अशी शंका मनात ठेवू नकोस. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ मध्ये मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावानं पत्रं लिहायला घेतली तेव्हा ते पंचविशीचे होते, सरकारी नोकरीत होते. आठवड्यामागून आठवडा लिहीत गेले आणि दोनेक वर्षांत शंभरावर पत्रं झाली. कुणी त्यांना मोठा ग्रंथ लिहायला बसवलं नव्हतं. ठरलेल्या दिवशी एक पत्र, एवढीच शिस्त होती.

आता तुमच्या घराकडे वळते. तुमच्याकडे तार आहे का ते तू लिहिलेलं नाहीस. पण सोलापूर जिल्ह्यात मी ज्या ज्या घरी बसले, तिथे बहुतेक ठिकाणी ती पाहिली आहे. वाशाला नाहीतर देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेली, टोक वर वळवलेली एक तार, आणि तिच्यात वर्षानुवर्षं टोचत गेलेले कागद. लाइट बिल, खताची पावती, सोसायटीची पावती आणि बाजारात माल विकून देणाऱ्या अडत्याकडून आलेल्या पट्ट्या. खालचे कागद पिवळे पडलेले, वरचे अजून पांढरे. ती तार म्हणजे तुमच्या घराची लॉगबुक आहे. आणि तू मला विचारतेस, लिहिण्यासारखं काय आहे!

एक पट्टी हातात घे आणि ती नीट वाच. बातमीदारानं वाचावी तशी. वर तारीख, मग वक्कल, म्हणजे प्रतीप्रमाणे वेगळा लावलेला माल, त्याचं वजन, भाव, रक्कम. त्याखाली वजावट: हमाली, तोलाई, मोटारभाडं, कुठे वाराई, कुठे आधी घेतलेली उचल. शेवटी हातात येणारा आकडा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. सगळी वजावट होऊन उरले २ रुपये ४९ पैसे आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक आला, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी देशभर गेली. ती कुठल्या पत्रकार परिषदेत मिळालेली नव्हती. अशाच एका पट्टीवर, वजन, भाव आणि वजावट यांच्या तीन-चार ओळींत ती होती. त्या कागदाला त्या वर्षी आणखी एक किंमत आली. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला सरकारनं क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, आणि अर्जाला विक्रीची पट्टी जोडायची होती. ज्यांनी ती तारेला टोचून ठेवली होती त्यांच्याकडे पुरावा होता.

तुझ्या तारेवरची प्रत्येक पट्टी अशी हेडलाइन होणार नाही, व्हायलाही नको. पण प्रश्न बघ किती निघतात. जुलै २०१६ मध्ये कांद्याची आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घेणं बंद होऊन ती खरेदीदारावर आली. तुमच्याकडे २०१६ च्या आधीची एखादी पट्टी असेल तर ती आणि नंतरची एक शेजारी ठेव. आडतीची ओळ गेली का? गेली असेल तर तिच्या जागी दुसरी कुठली ओळ आली का, की जुनीच एखादी फुगली? मला उत्तर माहीत नाही, कारण ते तुमच्या पट्ट्यांवर आहे. तसंच ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यातली पट्टी आणि नंतरच्या आठवड्यातली पट्टी. त्या काळात तुमचा माल गेला असेल तर दिल्लीतला एक निर्णय तुमच्या अंगणात किती रुपयांनी उतरला, हे तुला दोन कागदांवरून दाखवता येईल. मोठमोठे अग्रलेख लिहिणाऱ्यांकडे हे दोन कागद नसतात.

आणि तू पुण्यात आहेस हे तर फारच सोयीचं. राज्याच्या कृषी पणन मंडळाचं मुख्यालय तिथेच आहे, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. कुठल्या बाजार समितीत कुठल्या दिवशी किती आवक झाली, किमान दर काय, कमाल काय, सर्वसाधारण काय, हे मंडळ रोज आपल्या संकेतस्थळावर टाकतं. वडिलांना मिळालेला भाव त्या दिवशीच्या सोलापूरच्या दराशी ताडून बघ. तो किमान दराच्या जवळ असेल तर का, हे वडिलांना विचार. कदाचित माल ओला होता, कदाचित त्यात जोड कांदा जास्त होता, कदाचित त्या दिवशी यार्डात गाड्या मावत नव्हत्या. एखाद्या रविवारी सकाळी लवकर उठून गुलटेकडीला चक्कर मार. वही घेऊन जा, सेल्फीसाठी जाऊ नकोस. हमालाला विचार, एका पिशवीमागं त्याला काय मिळतं. पट्टीवर 'हमाली' म्हणून जो आकडा कापला जातो, त्याच्या दुसऱ्या टोकाला हा माणूस उभा आहे. त्याची पाठही तुझ्या नोंदवहीत यायला हवी.

सुरुवात कशी करायची ते मी एकदा करून दाखवते. आकडे मी मनानं घातलेत, तुझे तू घाल.

'मंगळवारी रात्री आमच्या ४० पिशव्या टेम्पोत चढल्या. बुधवारी सोलापूरच्या यार्डात त्याची तीन वक्कलं पडली: मोठा कांदा, लहान गोल्टी आणि अगदी बारीक चिंगळी. मोठ्याला किलोमागं १४ रुपये मिळाले, चिंगळीला ३. पट्टी घरी आली तेव्हा आईनं आधी सगळ्यात खालचा आकडा वाचला, मग कागद वडिलांकडे दिला.'

यात पोशिंदा नाही, दयनीय नाही. आईनं आधी खालचा आकडा वाचला, एवढ्यावर वाचणाऱ्याला त्या घरात काय चाललंय ते कळतं. तुला तुमच्या घरातलं असं काहीतरी नक्की आठवत असेल, आणि ते माझ्यापेक्षा खरं असेल, कारण मी बनवलंय आणि तू पाहिलंयस. ते आठवलं की लगेच फोनवर भावाकडून खात्री करून घे. आपल्याच घरातल्या गोष्टी आपल्याला चुकीच्या आठवतात, हा माझा अनुभव आहे.

इथे एक अवघड गोष्ट आहे आणि तिच्यावरून घाईनं पुढे जाऊ नकोस. या पट्ट्या तुझ्या नाहीत. त्या वडिलांच्या आहेत. त्यांच्यावर उचल असेल, उधारी असेल, आणि भावकीतल्या कुणाला ती कळावी असं त्यांना वाटत नसेल. म्हणून आधी त्यांना विचार. 'कॉलेजचं काम आहे' एवढं मोघम सांगू नकोस. हा कागद मी इंटरनेटवर लावणार, कुणीही वाचू शकेल, गावातले वाचतील, असं सरळ सांग. ते 'हो' म्हणाले तर खाते क्रमांक, मोबाइल नंबर, गट नंबर झाकून फोटो लाव. 'नाही' म्हणाले तर नाही. रुसू नकोस, आईला मध्ये घालू नकोस. मग दुसरा विषय घे. पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत तुमच्या तालुक्यातली किती मुलं-मुली बसतात ते तुला माहीत असेल. सीटचं महिन्याचं भाडं, मेसचा डबा, रात्री अकराला परत चालत जाणाऱ्या मुली, घरून येणारा पैसा आणि तो कांद्यातून येतोय का, हे सगळं तिथेही आहे.

आणि अडत्या. त्याच्याबद्दल घरात जे बोललं जातं ते तू लहानपणापासून ऐकलंयस. ते तसंच्या तसं ब्लॉगवर उतरवलंस तर ती बातमी होणार नाही, तक्रार होईल. त्याचं नाव घालायचं असेल तर त्याला फोन कर, वजावटीबद्दल विचार, तो काय म्हणतो ते त्याच्या शब्दांत लिही. फोन उचलला नाही तर कितीदा केला तेही लिही. नाव घालायची गरज नसेल तर घालू नकोस. पहिल्या चार-पाच नोंदींत तरी गरज पडेल असं मला वाटत नाही. बदनामीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं ३५६, छापील पेपरला जसं लागू आहे तसंच तुझ्या ब्लॉगलाही आहे. यातून मला घाबरवायचं नाही. पेपरात वर संपादक असतो असं तू म्हणालीस, इथे ते काम तुलाच करायचंय, एवढंच सांगायचंय.

आता चुकीची भीती. माझ्याकडून झालेली एक चूक तुला सांगते.

नव्वदच्या दशकातला मे महिना होता. मी एका जिल्हा आवृत्तीत नवी होते. पाणीटंचाईच्या बातम्या रोज हव्या असत. मी एका गावाची बातमी तालुक्याच्या ठिकाणाहून फोनवर घेतली आणि लिहून टाकलं, की गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ गाठलाय. 'सगळ्या' हा शब्द माझा. फोनवरच्या माणसानं तो वापरला नव्हता. तीन दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ एसटीनं आले. धोतर, टोपी, हातात दुधाची किटली. माझं टेबल कुठलं ते विचारत आले, किटली माझ्या कागदांवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, पाणी प्या. आमच्या विहिरीचं हाय." मी उभी राहिले. ते रागावलेले नव्हते, त्यामुळे मला आणखी जड गेलं. त्यांच्या नातवाला बघायला पाहुणे येणार होते. बातमी वाचून त्यांनी निरोप पाठवला, की ज्या गावात पाण्याचा थेंब नाही तिथे आम्ही मुलगी कशी द्यायची. मी ते पाणी प्यायले. थोडं मचूळ होतं, पण पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार ओळींची दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, कोपऱ्यात. पहिली बातमी पहिल्या पानावर होती. ज्यांनी ती वाचली त्यांनी ही वाचली असेल का? पाहुण्यांनी वाचली का? मला कधीच कळलं नाही. त्या किटलीचा आवाज मी अजून विसरले नाही, आणि त्यानंतर 'सगळे', 'कुणीच', 'नेहमी' हे शब्द लिहिताना माझा हात थांबतो.

तुला वाटतं चूक ब्लॉगवर कायमची राहते म्हणून भ्यायला हवं. माझी चूक छापून निघून गेली आणि मला ती परत धरताच आली नाही, हे मला जास्त भयंकर वाटतं. ब्लॉगवर तुला ती तिथेच, त्याच नोंदीत दुरुस्त करता येते. चुपचाप बदलू नकोस. खाली तारीख घालून लिही: 'आधी इथे वजन ४० क्विंटल असं लिहिलं होतं. ते ४० पिशव्या असं हवं.' जो आधी वाचून गेला तो परत आला तर त्याला दिसेल, आणि नव्यानं येणाऱ्यालाही कळेल की ही मुलगी चूक लपवत नाही. मोठी चूक असेल, तर जिच्याबद्दल लिहिलं त्या व्यक्तीला स्वतः फोन करून सांग. एसटीचं तिकीट काढून तिला यायला लागू नये.

कोण वाचणार, हे तू विचारलंस. सुरुवातीला चार जण. सर, कारण त्यांना गुण द्यायचे आहेत. एक मैत्रीण. तुझा भाऊ. आणि वडील, भावाच्या फोनवर. त्या चौघांत चौथा वाचक सगळ्यात कडक आहे. गोल्टीला तू चिंगळी लिहिलंस तर सरांना कळणार नाही, त्यांना लगेच कळेल. म्हणून टाकण्याआधी आकडे त्यांना फोनवर वाचून दाखव. फक्त आकडे, तारखा, नावं. बाकीचा मजकूर दाखवू नकोस. ज्याच्याबद्दल लिहितो त्याला कॉपी दाखवायची नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे आणि ती बरोबर आहे. वडिलांच्या बाबतीतही पाळ. नाहीतर त्यांना काय आवडेल ते तू लिहायला लागशील. ती सवय एकदा लागली की पुढे आमदारांच्या बाबतीतही सुटत नाही.

हळूहळू पाचवा वाचक येईल. तुमच्याच तालुक्यातला एखादा कांदा करणारा, ज्याच्याही घरात पट्टी आली की शांतता असते. तो तुला लिहील, 'आमच्याकडे तोलाई जास्त लावतात.' त्या दिवशी तुला दुसरी बातमी मिळालेली असेल.

भाषेबद्दल मला जरा रागच आला, तुझ्यावर नाही, तुला असं वाटायला लावणाऱ्यांवर. वक्कल, गोल्टी, चिंगळी, वाराई, कांदाचाळ. हे शब्द तुझ्याकडे आहेत. तुझ्या वर्गातल्या किती जणांकडे असतील? 'गोल्टी'च्या जागी 'लहान आकाराचा कांदा' लिहिलंस तर वाक्य पुस्तकी होईल आणि बाजार त्यातून निघून जाईल. पहिल्यांदा शब्द आला की त्याच वाक्यात त्याचा अर्थ उमगेल असं लिही, मग निर्धास्त वापर. निवेदन तुझ्या नेहमीच्या बोलण्याच्या जवळचं ठेव. वडील, हमाल, अडत्या बोलले तर ते जसे बोलले तसेच ठेव, त्यांची भाषा इस्त्री करू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कुणाकडून तरी तपासून घे, त्यात काही कमीपणा नाही. आमच्याकडे त्यासाठी पगारी माणूस असायचा. इंग्रजी ब्लॉगवाल्या मुली त्यांच्या भाषेत लिहितायत, लिहू देत. या पट्ट्या मराठीत आहेत.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, त्याची पहिली ओळ अशी: 'काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥' ज्यांचं कुणी छापत नव्हतं त्यांच्यासाठी निघालेल्या पाक्षिकाला हीच ओळ निवडावीशी वाटली. तुझी भीड त्या माणसांच्या भिडेइतकी मोठी नाही, हे तुलाही मान्य होईल. पण ती खरी आहे, आणि मी ती हसण्यावारी नेत नाही.

काही बारीकसारीक. मराठी युनिकोडमध्येच टाइप कर. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्याच्या पडद्यावर अगम्य चिन्हं होऊन बसतं. जमलं तर इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घे, पंधरा दिवस त्रास होतो, मग आयुष्यभर उपयोग. प्रत्येक नोंदीची प्रत स्वतःकडे ठेव. वाचकांचे अभिप्राय तू वाचल्याशिवाय दिसणार नाहीत अशी सोय करून ठेव, आणि स्वतःचा नंबर, हॉस्टेलचं नाव कुठेही टाकू नकोस. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीत. बाजार समितीकडून एखादी माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. साध्या कागदावर, मराठीत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. सेमिस्टर संपायच्या आत उत्तर हवं असेल तर याच आठवड्यात टाक.

ब्लॉगचा रंग आता बदलू नकोस. 'नमस्कार, हा माझा ब्लॉग' ही ओळ काढून टाक. सरांना जाऊन विचार, दहाही नोंदी एकाच विषयावर चालतील का. माझ्या अंदाजानं त्यांना आनंदच होईल. 'विषय कोणताही' म्हटलं की त्यांच्याकडे काय काय येत असेल याची मला कल्पना आहे. दहा नोंदींचा आराखडा आत्ता करू नकोस. पहिली लिहून झाली की दुसरी काय ते तिच्यातूनच कळेल.

आज रात्री घरी फोन कर. आधी वडिलांशी बोल, जे वर सांगितलं ते सगळं सरळ सांग. ते 'हो' म्हणाले तर भावाला म्हण, तारेवरची सगळ्यात वरची पट्टी सोडवून तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ. पट्टीच्या मागं बऱ्याचदा पेननं केलेला हिशेब असतो, तो कुणी केलाय ते विचार. रविवारी रात्रीपर्यंत चारशे शब्द लिही आणि टाक. मग मला दोन ओळींचं पत्र पाठव. मी कागद-पेन्सिल घेऊन बसेन आणि तुझ्या पट्टीवरची वजाबाकी स्वतः करून बघेन.

तुझी,
ताई